कोयता कणगीत लपवलाय, आता काय करू?

ताई, आमचं गाव वेंगुर्ला तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या कोसावर. घरात आई, मी आणि दादा. दादा ३४ वर्षांचा. मुंबईला कारखान्यात होता, दोन वर्षांपूर्वी परत आला आणि नारळ-सुपारी काढायची कामं घ्यायला लागला. माडावर चढण्यात त्याचा कुणी हात धरत नसे. शिमग्यापासून तो बदलला. रात्रभर पडवीत बसून कुणाशी तरी बोलायचा. शेजारचे काका विहिरीत काहीतरी टाकतात, म्हणायचा. आईच्या हातचं जेवण सोडलं. घाड्याकडे, म्हणजे गावच्या देवऋषाकडे गेलो, देवाला कौल लावले. डॉक्टरकडे यायला तो तयार नव्हता. गणपतीत पाचव्या दिवशी त्याने काकांवर कोयता चालवला. दंडाला सात टाके पडले. लोकांनी दादाला माडाला बांधला. पोलिसांना फोन केला तर म्हणाले, वेड्याला आम्ही काय करणार, दवाखान्यात न्या. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, मारतोय तर आधी पोलीस बोलवा. साडेचार तास तो बांधलेला होता. शेवटी टेम्पोत घालून दवाखान्यात नेला, तिथून रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात. काकांनी दवाखान्यात ‘सुपारी काढताना कोयता लागला’ असं सांगितलं, घरातलं घरात राहावं म्हणून. महिन्याने दादाला घरी सोडलं. आता शांत आहे, पण हात थरथरतात, दिवसभर झोपून असतो. आई गोळ्या चहातून देते. वाडीची बैठक झाली. एकतर त्याला कायमचा रत्नागिरीला ठेवा, नाहीतर मांगरात (पेंढा ठेवतो त्या खोपटात) कुलूप लावून ठेवा आणि तसं लिहून द्या, असं म्हणतात. त्याची आकडी (कोयता कमरेला अडकवायची) आणि कोयता मी भाताच्या कणगीत लपवलाय. तो रोज विचारतो. परत तसं झालं तर कुणाला बोलावू? मला त्याची भीती वाटते, हे लिहितानाही लाज वाटते.
— एक बहीण, वेंगुर्ला तालुका

बाय गो,

तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. लाज कसली? ज्याच्या पाठीवर बसून तू जत्रा पाहिलीस त्याच्या हातात उगारलेला कोयता पाहिलास. भीती वाटली नसती तर मला तुझीच काळजी वाटली असती. भीतीला जागा करून दे. तू आणि आई जिथे झोपता त्या खोलीला आतून घट्ट बसणारी कडी लावून घे, या आठवड्यातच. गावात सुतार आहे, तासाभराचं काम. कडी तुमच्या दाराला, तुमच्या बाजूने. त्याच्या दाराला बाहेरून नव्हे. कुणी विचारलं तर वाऱ्याने दार आपटतं म्हणून सांग, नाहीतर खरं सांग.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दरवेळी काकांच्या दंडापेक्षा त्याआधीच्या महिन्यांवरच अडकले. शिमगा ते गणपती. सहा महिने. झोप गेली, जेवण सुटलं, विहिरीचा संशय आला, आणि संशयाला एक माणूसही मिळाला. एवढ्या खुणा दारात मांडून ठेवल्यासारख्या होत्या. तू दोष स्वतःकडे घेतेस, ते पत्रात ओळीओळीत दिसतं. पण त्या सहा महिन्यांत तू गेली असतीस कुठे? डॉक्टर म्हणणार पेशंटला घेऊन या, पेशंट म्हणणार मला काही झालेलं नाही. पोलीस म्हणणार, त्याने काही केलंय का? काही केलेलं नसतं तोवर तो नुसता विचित्र. कोयता चालला की एकदम धोकादायक. या दोन शब्दांच्या मध्ये बसायला आपल्याकडे साधं बाकडंही ठेवलेलं नाही. रक्त सांडल्यावरच ही यंत्रणा जागी होते. तुमच्याकडे तर रक्त सांडल्यावरही साडेचार तास झोपूनच होती.

मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून बावीस वर्षं काढली, आणि त्यातली निम्मी ‘इकडे नको तिकडे न्या’ म्हणणाऱ्यांशी भांडण्यात गेली. एकदा माझ्याच रुग्णालयातून एका खलाशाला रात्री परत पाठवलं होतं, खाट नाही म्हणून. त्याच्या भावाने विचारलं, ‘हातपाय मोडले असते तर खाट मिळाली असती ना?’ मी मान खाली घातली. खरंच मिळाली असती.

त्या साडेचार तासांत काय व्हायला हवं होतं ते सांगते. पुढच्या वेळी तुला ते तोंडपाठ असायला हवं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला, २०१८ पासून तो लागू आहे. त्याचं कलम १०० पोलिसांसाठीच लिहिलंय. आजारामुळे कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका करेल असं वाटलं, तर त्याला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. मेहेरबानी नव्हे. त्याला लवकरात लवकर, आणि कुठल्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. आता ॲम्ब्युलन्स. त्याच कायद्याचं कलम २१ म्हणतं की शरीराच्या आजाराला जशी ॲम्ब्युलन्स मिळते तशीच मनाच्या आजारालाही मिळाली पाहिजे. आणि कलम ९४ प्रमाणे जिवाला किंवा दुसऱ्याला गंभीर धोका असेल तेव्हा कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करू शकतो, घरी येऊनसुद्धा, जास्तीत जास्त ७२ तासांसाठी. म्हणजे ग्रामीण रुग्णालयातल्या साध्या एमबीबीएस डॉक्टरला ‘हा माझा विषय नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. शांत करणारं इंजेक्शन देऊन, पुढच्या मनोरुग्णालयापर्यंत पोचवायची सोय करणं त्यातच येतं.

आता तू म्हणशील, ताई, कलमं सांगून पोलीस येतात होय? नाही येत. रात्री अकराला फोनवर कलम सांगितलंस तर समोरचा तुलाच वेड्यात काढेल. म्हणून आत्ता, सगळं शांत असताना, एक अर्ज लिही. एका पानाचा. माझ्या भावाला मानसिक आजार आहे, अमुक ठिकाणी उपचार चालू आहेत, अमुक तारखेला असा प्रसंग घडला होता, पुन्हा घडल्यास कलम १०० प्रमाणे मदत मिळावी. सोबत डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. पोलीस ठाण्यात दे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक नि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. एक प्रत पोलीस पाटलांना, एक ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना. पोच मिळाली की कागद बोलायला लागतो. ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ हे पुढच्या वेळी कुणाला म्हणता येत नाही. आपल्याकडचं सरकार माणसाच्या रडण्याने हलत नाही, आवक-जावक वहीने हलतं. वाईट आहे, पण उपयोगाचं आहे.

(अमेरिकेत मेंफिस शहरात १९८७ साली, सुरी हातात घेतलेल्या एका मनोरुग्ण तरुणाला पोलिसांनी गोळ्या घालून मारलं. त्यानंतर १९८८ मध्ये तिथे पोलिसांची वेगळी तुकडी झाली, या कामासाठी शिकवून तयार केलेली, आणि तो नमुना पुढे बऱ्याच शहरांनी उचलला. तिथे पोलीस येतात आणि गोळी घालतात ही अडचण होती. आपल्याकडे ते येतच नाहीत. म्हणून मरणारा मरतो कमी, पण माडाला बांधलेला राहतो जास्त.)

आणि हो, काकांच्या केसपेपरवर ‘सुपारी काढताना लागलं’ असं लिहिलंय, ते मला डाचतंय. काकांनी ते मायेने केलं, त्यात शंका नाही. पण बघ काय झालं. संमतीशिवाय भरती करताना डॉक्टर पहिल्यांदा हेच बघतात, की एवढ्यात या माणसाने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा केली का, किंवा तशी धमकी दिली का. आणि कागदावर काही घडलेलंच नाही! वाडीच्या बैठकीत तो खुनी, सरकारी कागदावर मात्र सुपारीचा अपघात. तू दादाच्या डॉक्टरांना सगळं खरं सांग: कोयता कुठून काढला, काय ओरडत होता, आधी किती रात्री जागा होता. डॉक्टरांनी ते गुप्त ठेवायचं हाही कायदाच आहे. पुढे कधी पोलीस केसची वेळ आलीच तर ओरोसला, आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

वाडीबद्दल. तुला राग आलाय, आणि माझं उत्तर तुला कदाचित आवडणार नाही. वाडीची भीती खोटी नाही. ‘मनोरुग्ण हिंसक नसतात’ हे वाक्य मी भाषणात शंभरदा म्हटलंय, आणि ते बहुतेकांच्या बाबतीत खरंच आहे. ती माणसं कुणाला मारत नाहीत. मार खाणाऱ्यांतच जास्त असतात. पण ज्याच्या दंडाला सात टाके पडलेत त्याला हे वाक्य ऐकवू नये. उपचार नसलेला आजार, अनेक रात्रींचं जागरण, डोक्यात ठरलेला एक ‘शत्रू’, वर दारू, हे सगळं जुळून आलं की धोका वाढतो आणि तो घरच्यांवर नाहीतर शेजाऱ्यांवरच पडतो. तेव्हा काकांकडे जा. आई आणि तू, दादाला न घेता. ‘तो आजारी आहे, समजून घ्या’ ने सुरुवात करू नकोस. आधी हात कसा आहे ते विचार. बोटं नीट वळतात का, टाक्यांची जागा ओढते का. तुझ्या पत्रात वाडीचं बोलणं आहे, पोलिसांचं नि ॲम्ब्युलन्सवाल्यांचं बोलणं आहे, पण काकांशी त्यानंतर कुणी बोललं का ते नाही. मग त्यांना विहिरीचं सांग. दादाच्या डोक्यात तेच का होते हे जाणून घ्यायचा त्यांना हक्क आहे. दादाची झोप पुन्हा उडाली तर पहिला निरोप काकांना जायला हवा, की चार दिवस आमच्या खळ्यात येऊ नका. ज्याला असा निरोप मिळण्याची खात्री असते तो बैठकीत जरा कमी ओरडतो.

लिहून मात्र काही देऊ नकोस. कोंडून ठेवायचं वाडीला लिहून देणं म्हणजे उद्या काही झालं तर गुन्हा तुझ्या अंगठ्याखाली.

मांगराची गोष्ट मला माहीत आहे. माझे धाकटे काका आमच्या मांगरात अकरा वर्षं होते. उजव्या पायात साखळी, साखळीचं दुसरं टोक खांबाला. मी सात-आठ वर्षांची असेन, पेज घेऊन जायचे जर्मनच्या टोपातून, वर लोणच्याची फोड. मांगरातून समुद्र दिसत नसे पण काकांना नुसत्या आवाजावरून कळायचं. टोप हातात घ्यायच्या आधी म्हणायचे, ‘भरती लागली गो.’ मी धावत जाऊन बघायचे तर खरंच पाणी चढत असायचं. एवढं सगळं कळणाऱ्या माणसाचा घोटा साखळीने सोलून काळा पडला होता आणि त्या जखमेला आजी खोबरेल लावायची. जखमेला तेल, पण साखळीला हात लावायचा कुणी विचारही केला नाही. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासून आहे, आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. नेलं नाही. कारण ‘ह्येका रत्नागिरीक धाडूक व्हयो’ ही आमच्याकडे चेष्टा होती, आणि ज्याच्या घरातला खरोखर धाडला जाई त्याच्या मुलींची लग्नं अडत. काका वाईट माणसांच्या हाती नव्हते. आजीचा त्यांच्यावर जीव होता. साखळी तिनेच आणवली होती.

२००१ च्या ६ ऑगस्टला तामिळनाडूत एरवाडीला आग लागली, तिथे २८ माणसं जळून गेली. मनोरुग्ण होती, दर्ग्याच्या आसपासच्या झोपड्यांत साखळीने बांधलेली. आग दिसत होती, पळता येत नव्हतं. २०१७ च्या कायद्यात कलम ९५ आहे, कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी घालणारं. मांगराचं कुलूप ही साखळीच, फक्त पायात दिसत नाही एवढंच. आणि मांगरात पेंढा असतो.

आता ‘कायमचा रत्नागिरीला’. चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत महाराष्ट्रात: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. रत्नागिरीला ३६५ खाटा, आणि तिथे रत्नागिरी-सिंधुदुर्गच नव्हे, घाटावरचेही पेशंट येतात. तिथे कायमचं राहायला जागा नाही, आणि असती तरी कायद्याने तसं ठेवत नाहीत. संमतीशिवाय भरती पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवसांची, गरज असेल तर पुढे वाढवता येते, पण दरवेळी नव्याने तपासून. म्हणून महिन्याने घरी सोडलं. सोडलं यात चूक नाही. गोव्यातलं बांबोळीचं किंवा कुठलंही रुग्णालय असतं तरी सोडलंच असतं. चूक झाली ती पुढे, फाटकाबाहेर. डिस्चार्ज कार्डावर पुढची तारीख लिहिली आणि दीडशे किलोमीटरांहून जास्त लांबच्या घरात एक म्हातारी, एक मुलगी आणि एक गोळ्यांची पिशवी उरली. तो प्रवास दर महिन्याला कोण करणार, हे कुणी विचारलं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. देशात लाखाला एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा पडत नाही. तुझा दादा उरलेल्या थोड्या भाग्यवानांत आहे, ऐकायला कसंही वाटलं तरी.

म्हणून पुढच्या तारखेला डॉक्टरांना स्पष्ट विचार: दर महिन्याचं तपासणं ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात करता येईल का? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम नावाची योजना १९९६ पासून देशात आहे ती यासाठीच. रत्नागिरीहून चिठ्ठी घे, तिकडे दाखव. एसटीने जाऊन दिवसात परत येता येईल असं ठिकाण असलं की गोळ्या चालू राहतात. ठिकाण लांब असलं की तिसऱ्या महिन्यात सुटतात. बावीस वर्षांत मी हे इतक्यांदा पाहिलंय की गोळ्या कधी सुटणार हे एसटीच्या वेळापत्रकावरून सांगू शकेन.

चहातली गोळी. आईला रागवू नकोस, कोकणातल्या अर्ध्या आया हेच करतात. पण जरा दादाच्या जागी बसून बघ. आजार त्याला सहा महिने सांगत होता की तुझ्या अन्नात कुणीतरी काहीतरी मिसळतंय. आणि आता खरोखरच मिसळतंय. ज्या दिवशी कपाच्या तळाशी पांढरा गाळ दिसेल त्या दिवशी त्याच्या मते तो बरोबर आणि जग खोटं. पुन्हा आईच्याच हातचं. शिवाय अर्धा चहा त्याने मांजरीला ओतला तर अर्धा डोस मांजरीला. तरी आजच्या आज हे बंद करू नकोस. गोळी एकदम थांबणं त्याहून वाईट. आधी एकटीने डॉक्टरांना सांग. पंधरवड्याने किंवा महिन्याने एकदा घ्यायची इंजेक्शनं असतात, त्यांचं विचार. हात थरथरतात, दिवसभर झोप येते, हेही सांग. हे औषधामुळे असू शकतं, डोस बदलता येतो, थरथर कमी करणारं औषध देता येतं. पुष्कळ लोक औषध सोडतात ते या थरथरीपायी, वेडेपणाने नाही. माडावर चढणाऱ्या माणसाला स्वतःचे हात हलताना बघून काय वाटत असेल?

घाडी, कौल, गाऱ्हाणं याबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण मला भांडण नको. देवाला गाऱ्हाणं घालायला माझी अजिबात हरकत नाही. गाऱ्हाणं घातलं म्हणून गोळी थांबवायला आहे. आणि भूत उतरवायच्या नावाखाली कुणी दोरखंडाने बांधलं, मारलं, मिरचीची धुरी दिली तर २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. पुढच्या वेळी कुणी सुचवलं तर हे शांतपणे सांग.

परत झालं तर. पहिली गोष्ट, तो दिवस एकदम येत नाही. दादाच्या स्वतःच्या खुणा तुला आता माहीत आहेत: रात्री पडवीत बसणं, आईचं जेवण नको म्हणणं, विहिरीकडे बघत राहणं. दोन रात्री झोप नाही झाली की तिसऱ्याची वाट बघू नकोस. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, मराठीत बोलतात. तिथून गाडी येणार नाही, पण काय करायचं ते समजेल आणि आपण एकटे नाही एवढं तरी वाटेल. आणि लगेच डॉक्टर गाठ.

कोयता हातात आला तर बोलायचं फक्त एकाने. वीस माणसं खळ्यात जमली की त्याच्या डोक्यातली वीस माणसं खरी होतात. त्याच्या नि दाराच्या मध्ये कुणी उभं राहू नये, त्यालाही बाहेर पडायला वाट हवी आणि तुलाही. आवाज खाली, वाक्यं छोटी. ‘काका काही टाकत नाहीत’ म्हणून वाद घालू नकोस, ‘हो, टाकतात’ असंही म्हणू नकोस. ‘तुला भीती वाटतेय, मला दिसतंय, मी इथेच आहे’ एवढं पुरे. आणि जमलं नाही तर पळ. आईला घेऊन सरळ पळ, घर टाकून. ११२ ला फोन पळाल्यावर कर, आणि फोनवर ‘वेडा झालाय’ म्हणू नकोस. ‘आजारी माणूस, हातात हत्यार, घरात बायका, ठाण्यात अर्ज दिलाय, पोच माझ्याकडे आहे’ असं म्हण. लोकांनी धरलंच तर पालथा पाडून पाठीवर बसू देऊ नकोस. अशाने श्वास कोंडून माणूस मरतो, आणि मग धरणाऱ्यांवर केस होते. हे वाक्य वाडीतल्या दांडग्या पोरांना आत्ताच सांगून ठेव, दुसऱ्या भागाने तरी ऐकतील.

आणि एक कागद दादाकडूनच करून घे, तो बरा असताना. साध्या कागदावर, त्याच्या सहीने, की मला बरं नसताना माझ्या वतीने माझी बहीण ठरवेल. कायद्यात याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. भरतीच्या अर्जावर सही कुणाची यावरून रात्री दोन वाजता दवाखान्याच्या पायरीवर भावकीत वाद झालेले मी पाहिलेत. त्याहून मोठी गोष्ट ही, की कागद करायच्या निमित्ताने तुम्ही दोघं गणपतीच्या त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोलाल. त्याला काय काय आठवतं ते विचार. कदाचित त्याला सगळं आठवत असेल.

राहिला कोयता. कणगीतून आजच काढ. भात काढायला आई रोज तिथेच हात घालते, आणि दादालाही त्या घराचा कोपरान् कोपरा ठाऊक आहे. कोयता, कुऱ्हाड, पहार, सगळं दुसऱ्या वाडीत कुणा विश्वासाच्या माणसाकडे ठेव. ‘हरवला’ म्हणू नकोस. तो कोयता त्याच्या कमरेला दोन वर्षं होता, हरवला म्हटलंस तर शोधत फिरेल आणि तुझ्यावरचा विश्वास जाईल तो जाईलच. ‘मी बाहेर ठेवलाय, कुठे ते सांगणार नाही, डॉक्टर हो म्हणाले की आणून देईन’, एवढं तोंडावर सांग. एरवीही या थरथरत्या हातांनी तो माडावर चढला तर पडेल. तोवर नारळ काढायला दुसरा गडी लाव, आणि मोजून पोत्यात भरायचं, व्यापाऱ्याचा हिशेब बघायचं काम दादाला दे. संध्याकाळी त्याने मोजलेला आकडा नि तुझा आकडा ताडून बघ. पुढच्या तारखेला तपासणीला जाल तेव्हा ‘माझी आकडी कधी मिळेल’ हा प्रश्न तू विचारू नकोस. त्याला स्वतःला डॉक्टरांना विचारू दे.